नियंत्रण-कपाट आणि त्याची किल्ली

औद्योगिक स्वावलंबनाची चर्चा आपल्याकडे बहुधा पोलाद, वीज आणि भांडवल या तीन शब्दांभोवती फिरत राहते. किती कोटींची गुंतवणूक आली, किती एकर जमीन संपादित झाली, किती हातांना काम मिळाले, यांचे आकडे विधिमंडळात मांडले जातात आणि वृत्तपत्रांत छापले जातात. परंतु कारखाना उभा राहिल्यानंतर तो प्रत्यक्ष चालवतो कोण, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर कारखान्याच्या एका वातानुकूलित खोलीत, ओळीने उभ्या असलेल्या राखी रंगाच्या पत्र्याच्या कपाटांत बंद असते. साखर कारखान्यातील बॉयलरचा दाब, दूध डेअरीतील पाश्चरीकरणाचे तापमान, नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातील क्लोरीनची मात्रा, तेलशुद्धीकरण कारखान्यातील भट्टीची धग या साऱ्यांचा निर्णय क्षणाक्षणाला या कपाटांत होत असतो. कामगार त्यांना साधेपणाने ‘पॅनेल’ म्हणतात. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना स्थान नाही. तरीही उत्पादनाच्या साधनांवर खरी सत्ता कोणाची, या जुन्या प्रश्नाचे आजचे स्वरूप याच कपाटांत पाहावयास मिळते.

गेल्या सहा दशकांत ही कपाटे ‘मॉड्युलर’ होत गेली, म्हणजे सुट्या, प्रमाणित घटकांची जुळणी करून उभी करता येऊ लागली. हा बदल वरवर पाहता तांत्रिक आहे. वस्तुतः त्याचा संबंध किंमत, सौदाशक्ती, कामगारांचे कौशल्य आणि सार्वजनिक पैसा या चारही गोष्टींशी येतो. घटक सुटे झाले म्हणजे खरेदीदार स्वतंत्र झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

तारांच्या जंजाळातून

प्रथम या कपाटाचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे. जुन्या कारखान्यांतील यंत्रांचा क्रम ‘रिले’ नावाच्या विद्युत्‌चुंबकीय खटक्यांनी ठरत असे. अमुक दार बंद झाले तरच तमुक मोटर सुरू व्हावी, अशा प्रत्येक अटीसाठी एकेक रिले आणि त्याला जोडणाऱ्या तारा लागत. उत्पादनात बदल करावयाचा म्हणजे कपाट उघडून शेकडो तारा उसकटणे आणि पुन्हा जोडणे आले. मोटारींचे नमुने वारंवार बदलणाऱ्या अमेरिकन उद्योगाला हा खर्च असह्य होऊ लागला. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने अशी मागणी पुढे केली की, तारांऐवजी आज्ञावली बदलून काम भागावे, कारखान्याच्या धुळीत आणि उष्णतेत ते टिकावे आणि बिघडलेला भाग काढून दुसरा बसवता यावा. डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्समधील सहकाऱ्यांनी जे यंत्र तयार केले त्याला ‘मोडिकॉन ०८४’ असे नाव मिळाले. तो त्या संस्थेचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, आणि मोडिकॉन हे नाव ‘मॉड्युलर डिजिटल कंट्रोलर’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून सिद्ध झाले होते. आज ज्याला सर्वत्र ‘पीएलसी’ म्हणतात त्याचा हा आद्य अवतार.

या शोधातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. नव्या यंत्राची भाषा गणितज्ञांना सोयीची ठेवण्याऐवजी वीजकामगारांना सोयीची ठेवण्यात आली. रिलेंच्या आकृत्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या काढीत. त्याच आकृत्या पडद्यावर काढल्या की आज्ञावली तयार व्हावी, अशी योजना झाली. कारखान्यातील वायरमन जे वाचू शकत होता तेच यंत्रही वाचू लागले. तंत्रज्ञान कामगाराच्या ज्ञानाला मान देऊन आले तर ते किती सहज रुजते, याचा हा वस्तुपाठ आहे.

प्रक्रिया उद्योगांत, म्हणजे रसायने, खते, तेल, साखर, कागद यांच्या कारखान्यांत, प्रश्न काहीसा निराळा होता. तेथे दाब, तापमान, प्रवाह आणि पातळी ही अखंड बदलणारी मापे सांभाळावी लागतात. एके काळी हे काम दाबित हवेच्या नळ्यांनी होई. ३ ते १५ पौंडांचा दाब हा तिचा संकेत होता. पुढे विद्युत्‌प्रवाह आला आणि ४ ते २० मिलिअँपिअर हा संकेत जगभर रूढ झाला. टाकी रिकामी असेल तर ४, पूर्ण भरली तर २०, आणि तार तुटली तर शून्य. शून्य आणि रिकामे यांतील हा फरक ठेवल्यामुळे बिघाड तत्काळ कळून येतो. त्याहूनही महत्त्वाचे असे की, एका कंपनीचे मापक आणि दुसऱ्या कंपनीचे नियंत्रक या संकेतामुळे बिनतक्रार एकत्र नांदू लागले. पुरवठादार बदलण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला कोणत्याही कायद्याने दिले नव्हते. ते दोन तारांवरील एका साध्या कराराने दिले होते.

१९७५ मध्ये हनीवेल आणि योकोगावा या कंपन्यांनी ‘टीडीसी २०००’ आणि ‘सेंटम’ या वितरित नियंत्रण प्रणाली बाजारात आणल्या. भिंतभर मांडलेल्या तबकड्यांची जागा पडद्यांनी घेतली आणि नियंत्रणाची बुद्धी कपाटांत वाटून ठेवण्यात आली. मोठ्या कारखान्यांच्या कार्यक्षमतेत याने क्रांतिकारक भर घातली, यात संशय नाही. तथापि याच वळणावर मोकळ्या संकेतांचे राज्य संपून प्रत्येक कंपनीच्या खाजगी भाषेचे राज्य सुरू झाले, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

दोन घड्याळजींचा दृष्टांत

घटकशः रचनेचे आर्थिक मर्म हर्बर्ट सायमन यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात दोन घड्याळजींच्या दृष्टांताने उलगडले आहे. होरा आणि टेम्पस हे दोघेही हजार भागांची घड्याळे बनवीत. टेम्पस एकेक भाग जोडत जाई आणि मध्येच दूरध्वनीची घंटा वाजली की हातातील अर्धवट घड्याळ विस्कटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. होरा मात्र दहा-दहा भागांचे स्थिर गट करी आणि त्या गटांतून घड्याळ उभारी. व्यत्यय आला तरी त्याचे फक्त चालू गटापुरते नुकसान होई. टेम्पसचे दुकान बुडाले, होराचे भरभराटीला आले. १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या सायमन यांना यातून एवढेच सांगावयाचे होते की, गुंतागुंत टिकून राहावयाची असेल तर ती स्थिर उपघटकांतून उभारली पाहिजे.

नियंत्रण-कपाटाला हा दृष्टांत तंतोतंत लागू पडतो. पूर्वी प्रत्येक कारखान्यासाठी कपाटही मापानुसार बनवून घ्यावे लागे. जर्मनीतील रिटाल या कंपनीने १९६१ पासून ठरावीक मापांची कपाटे आधीच तयार करून साठ्यातून विकण्यास प्रारंभ केला. आतील उपकरणे बसविण्यासाठी ३५ मिलिमीटर रुंदीची धातूची पट्टी प्रमाण ठरली. आज जगातील कोणत्याही कंपनीचा टर्मिनल, रिले वा वीजपुरवठा-संच या पट्टीवर खटकन बसतो. धूळ आणि पाणी यांपासून कपाट किती सुरक्षित आहे, याचेही आंतरराष्ट्रीय क्रमांक ठरले. ‘आयपी ५५’ असे लिहिले असेल तर पहिला ५ धुळीचा आणि दुसरा ५ पाण्याच्या फवाऱ्याचा, हे शिकाऊ कामगारही सांगू शकतो.

आतील तारांची कथा अधिक उद्‌बोधक आहे. कारखानाभर पसरलेल्या शेकडो मापकांच्या केबली प्रथम एका ‘मार्शलिंग’ कपाटात येतात आणि तेथून योग्य त्या इलेक्ट्रॉनिक कार्डाकडे वळविल्या जातात. तापमानाचे कार्ड निराळे, झडपेचे निराळे, खटक्याचे निराळे. आराखड्यात ऐनवेळी बदल झाला की या आडव्या-उभ्या तारांचे जाळे पुन्हा विणावे लागे, आणि प्रकल्पाच्या अखेरच्या महिन्यांत होणारा उशीर व वाद यांचे मूळ पुष्कळदा येथेच असे. २०१० च्या आसपास अशी रचना रूढ होऊ लागली की, कोणतीही तार कोणत्याही जागी आणावी आणि ती तापमानाची आहे की झडपेची, हे एखादा छोटा घटक बसवून किंवा केवळ आज्ञावलीतून ठरवावे. त्यामुळे मधले जाळे नाहीसे झाले, कपाटे आकसली आणि कारखान्याच्या आराखड्यावर शेवटचा हात फिरण्याआधीच कपाटांची बांधणी सुरू करता येऊ लागली. भांडवल गुंतून पडण्याचा काळ कमी होणे, हा या सुधारणेचा खरा आर्थिक लाभ होय.

मोकळे घटक आणि बांधलेले घटक

येथपर्यंतची कथा प्रगतीची आहे. परंतु घटक सुटे असणे आणि घटक मोकळे असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या कंपनीचे कार्ड त्याच कंपनीच्या चौकटीत सहज बदलता येते. दुसऱ्या कंपनीचे मात्र तेथे बसत नाही, आणि बसले तरी बोलत नाही. ग्राहकाला घटक निवडण्याचे स्वातंत्र्य मिळते ते एकाच दुकानातील फळ्यांपुरते. पट्टी सर्वांची एक, कपाट सर्वांचे सारखे, परंतु मेंदूची भाषा खाजगी, अशी ही विचित्र अर्धमुक्त अवस्था आहे.

ही भाषा एक करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाने १९९३ मध्ये नियंत्रकांच्या आज्ञावलीसाठी पाच प्रमाण भाषा निश्चित केल्या. तरीही एका कंपनीच्या यंत्रावर लिहिलेली आज्ञावली दुसरीच्या यंत्रावर जशीच्या तशी चालेल, अशी स्थिती आली नाही. कारखान्यातील उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याच्या ‘फील्डबस’ पद्धतीचे तर हसे झाले. वर्षानुवर्षे चाललेल्या कंपन्यांच्या भांडणानंतर १९९९-२००० च्या सुमारास जे ‘एक’ प्रमाण निघाले त्यात परस्परांशी न जुळणाऱ्या आठ पद्धती शेजारी शेजारी बसविल्या होत्या. सर्वांना राजी करण्यासाठी प्रत्येकाचा गज प्रमाण मानला, तर प्रमाण या शब्दाला अर्थच उरत नाही.

यामागे कोणाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. अर्थशास्त्रात याला अडकवणुकीचा खर्च म्हणता येईल. रासायनिक कारखान्याचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे असते. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे त्याच्या निम्मेही नसते. म्हणजे कारखान्याच्या हयातीत मेंदू किमान एकदा बदलावा लागणारच. पहिली खरेदी स्पर्धेतून होते. त्यानंतरचे सुटे भाग, दुरुस्ती, विस्तार आणि नूतनीकरण मात्र स्पर्धेविना, पहिल्याच पुरवठादाराकडून. निविदा उघडताना जो सर्वांत स्वस्त दिसतो तो वीस वर्षांच्या हिशेबात सर्वांत महाग ठरू शकतो; कारण निविदेच्या कागदावर पहिल्या दिवसाची किंमत लिहिलेली असते, पुढील वर्षांची लिहिलेली नसते.

या अडकवणुकीची झळ केवळ दुबळ्यांनाच लागते असेही नाही. एक्झॉनमोबिलसारख्या बलाढ्य तेलकंपनीलाही जुन्या प्रणाली बदलण्याचा खर्च डोईजड वाटला. तिने २०१६ च्या आरंभी खुल्या प्रणालीचा नमुना उभारण्याचे काम लॉकहीड मार्टिन या कंपनीकडे सोपविले. त्याच वर्षी ‘ओपन ग्रुप’ या प्रमाणसंस्थेच्या छत्राखाली ग्राहक आणि पुरवठादार यांचा संयुक्त मंच स्थापन झाला आणि २०१९ मध्ये त्याच्या प्रमाणाची पहिली आवृत्ती निघाली. जर्मनीत १९४९ पासून कार्यरत असलेल्या ‘नामूर’ या वापरकर्त्यांच्या संघटनेने दुसरी वाट धरली. २०१४ मध्ये तिच्या सभेत मांडल्या गेलेल्या कल्पनेनुसार कारखान्याचा एखादा संपूर्ण विभाग, उदाहरणार्थ मिश्रणाची टाकी किंवा गाळणी, आपल्या कपाटासह एक घटक मानावयाचा आणि तो काय काय करू शकतो याचे प्रमाणित वर्णन त्याच्यासोबत द्यावयाचे. हे वर्णन वाचून मध्यवर्ती यंत्रणा त्याला कामाला लावते. आतील मेंदू कोणत्या कंपनीचा, याच्याशी तिला कर्तव्य नसते. दोन्ही प्रयत्नांत समान गोष्ट एकच: ते ग्राहकांनी संघटित होऊन केले. पुरवठादारांनी आपण होऊन कुलूप उघडल्याचे उदाहरण व्यापाराच्या इतिहासात विरळाच.

आपल्याकडील चित्र

भारताने या क्षेत्रात काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळांत अणुभट्ट्यांच्या नियंत्रणासाठी जे काम झाले त्यातूनच डॉ. ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली १९६७ मध्ये हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन उभी राहिली. १९७४ च्या अणुचाचणीनंतर परदेशी सहकार्य आटले, तेव्हा या पूर्वतयारीचे मोल देशाला कळले. औष्णिक वीजकेंद्रांसाठी नियंत्रण उपकरणे बनविणारी इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेड १९६४ मध्ये स्थापन झाली. तिचा कोटा येथील कारखाना बंद करण्यास मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली. टाटा आणि हनीवेल यांची पुण्यातील भागीदारी २००४ मध्ये संपून कंपनी पूर्णतः परदेशी भागीदाराच्या नियंत्रणाखाली गेली. लार्सन अँड टुब्रोने अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, येथील कारखान्यासह आपला विद्युत् व स्वयंचलन व्यवसाय चौदा हजार कोटी रुपयांना श्नायडर इलेक्ट्रिकला विकण्याचे २०१८ मध्ये जाहीर केले. २०२० मध्ये तो व्यवहार पुरा झाला. यांतील प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळी व्यापारी कारणे असतीलही. परंतु सर्वांची बेरीज केली तर दिशा स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर भोसरी, चिंचवड, अंबड, सातपूर आणि वाळूज येथील औद्योगिक वसाहतींत पॅनेल बांधणारे छोटे कारखानदार आहेत. पत्रा कापणे, वाकविणे, पावडर-रंग देणे, तांब्याच्या पट्ट्या बसविणे, प्रत्येक तारेला क्रमांकाची फेरूल चढविणे ही कामे ते उत्तम करतात. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कपाटाच्या आत काय तापमान होते आणि कोकणच्या खाऱ्या दमट हवेत पत्र्याला किती लवकर गंज चढतो, याचे त्यांचे ज्ञान युरोपातील छापील पुस्तिकेहून सरस आहे. आतील धारित्रांचे आयुष्य दर दहा अंश वाढीव तापमानाला साधारण निम्मे होते, हा नियम ज्याला ठाऊक आहे तोच या ज्ञानाची किंमत जाणील. दुसरीकडे पुण्यातील अभियंते जगभरच्या प्रकल्पांसाठी नियंत्रणाच्या आज्ञावली लिहीत आहेत. हात येथले आहेत आणि बुद्धीही येथलीच आहे. मालकीचा कागद तेवढा दुसरीकडे आहे.

सरकारी खरेदीत देशी मालाला अग्रक्रम देणारा आदेश २०१७ मध्ये निघाला. स्थानिक मूल्य ५० टक्के वा अधिक असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गात मोडतो. हेतू स्तुत्य आहे. परंतु कपाटाचा पत्रा, तांबे, केबल, मजुरी आणि उभारणी यांची किंमत मिळून टक्केवारीची परीक्षा सहज पार होऊ शकते, आणि ज्या कार्डावाचून सारे निर्जीव आहे ते आणि त्यातील आज्ञावली परदेशीच राहू शकते. मूल्याचा हिशेब आणि सत्तेचा हिशेब हे दोन निरनिराळे हिशेब आहेत, एवढे तरी यावरून ध्यानी यावे.

परावलंबनाची किंमत काय असते, याची उदाहरणे अलीकडच्या काळात भरपूर मिळाली. २०२१ मध्ये जगभर चिपांचा तुटवडा पडला तेव्हा साध्या नियंत्रकांसाठीही कारखान्यांना महिनोन्‌महिने थांबावे लागले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध जाहीर केल्यानंतर मायक्रोसॉफ्टने वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायारा एनर्जीच्या सेवा स्थगित केल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. तेथे प्रश्न कार्यालयीन पत्रव्यवहाराच्या सेवांचा होता, भट्टीच्या नियंत्रणाचा नव्हता. परंतु ज्या दाराने एक सेवा थांबते त्याच दाराने दुसरीही थांबू शकते, हे समजण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आक्षेपांचा विचार

खुल्या प्रणालींविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप जबाबदारीचा आहे. सर्व घटक एकाच कंपनीचे असतील तर बिघाड झाल्यावर बोट कोणाकडे दाखवावे याचा वाद उरत नाही. पाच कंपन्यांचे घटक असतील तर प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या कारखान्यात क्षणाचा उशीर प्राणघातक ठरतो तेथे तर नाहीच. म्हणूनच धोका ओळखून यंत्रणा बंद पाडणारी सुरक्षा-व्यवस्था सामान्य नियंत्रणापासून वेगळी ठेवण्याची प्रथा आहे. तिथे एकाच प्रमाणित पुरवठादाराचा आग्रह धरणे योग्यच होय. उरलेल्या भागात जुळणीची जबाबदारी करारानेच एका संकलकावर टाकता येते. इमारतीला सिमेंट एकाचे आणि पोलाद दुसऱ्याचे असले तरी वास्तुविशारदाची आणि कंत्राटदाराची जबाबदारी चुकत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. मोकळी भाषा शत्रूलाही कळेल, असे म्हटले जाते. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणक-विषाणूने इराणच्या नतान्झ येथील यंत्रांना लक्ष्य केले. ते नियंत्रक एका नामांकित कंपनीच्या बंदिस्त प्रणालीचे होते. गुप्तता म्हणजे संरक्षण नव्हे, हा त्या घटनेचा धडा आहे.

तिसरा प्रश्न कामगारांचा आहे, आणि तो आक्षेप म्हणून नव्हे तर चिंता म्हणून मांडला पाहिजे. तारांचे जाळे गेले की तारा ओढणाऱ्या हातांचे कामही कमी होणार. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वायरमन, इलेक्ट्रिशियन आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांना याची सर्वांत आधी झळ लागेल. त्यावर उपाय जुन्या कपाटांना कवटाळणे हा खचित नव्हे. मोडिकॉनच्या जन्मकथेतील धडा येथे उपयोगी पडतो: यंत्राची भाषा कामगाराच्या भाषेजवळ आणली तर वायरमनचा तंत्रज्ञ होतो, तशी आणली नाही तर तो बेकार होतो. आणि येथेच खुल्या प्रमाणांचा प्रश्न शिक्षणाच्या प्रश्नाला येऊन मिळतो. एखाद्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थी एकाच कंपनीच्या प्रणालीवर शिकला तर तो त्या कंपनीचा उमेदवार होतो. तत्त्वे आणि प्रमाण भाषा शिकला तर धंद्याचा जाणकार होतो.

करण्याजोगे

या परिस्थितीत सर्व काही देशातच बनविण्याची घोषणा करून भागणार नाही. सर्वच चिपा देशात बनत नाहीत म्हणून हातावर हात ठेवून बसणेही बरोबर नाही. बनविण्याच्या क्षमतेआधी मागण्याची क्षमता यावी लागते, आणि ती आणणे आजही शक्य आहे.

साखर उद्योगाचे उदाहरण घ्यावे. राज्यात सुमारे दोनशे साखर कारखाने हंगामात गाळप करतात. बॉयलर, गव्हाण, रसाचा सामू राखणारी शुद्धीकरणाची अवस्था, बाष्पीभवनाची भांडी, पॅन आणि सेंट्रिफ्यूगल हा क्रम सर्वत्र जवळपास एकच आहे. तोडलेल्या उसातील साखरेचा उतारा दिवसागणिक घटतो. म्हणून गाळप थांबले की नुकसान कारखान्याच्या ताळेबंदापुरते न राहता गाडीतळावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या पदरी पडते. असे असूनही प्रत्येक कारखाना आपापली निविदा काढतो, आपापल्या पुरवठादाराच्या भाषेत अडकतो आणि आपापले सुटे भाग स्वतंत्रपणे साठवून ठेवतो. मांजरी येथे १९७५ पासून कार्य करणाऱ्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेने प्रत्येक विभागासाठी एक आदर्श नियंत्रण-कपाट, त्याची मापे, टर्मिनलांचा क्रम आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याची प्रमाण भाषा ठरवून दिली, तर दोनशे एकाकी ग्राहकांचा एक संघटित ग्राहक होईल. सुट्या भागांचा समाईक साठा ठेवता येईल; सांगलीतील कारखान्याचे बिघडलेले कार्ड नगरहून आलेल्या कार्डाने त्याच दिवशी बदलता येईल. सहकाराच्या ज्या तत्त्वावर ही चळवळ उभी राहिली ते तत्त्व कपाटाच्या दारापाशी येऊन का थांबावे?

पाणीपुरवठ्याची गोष्ट याहून तातडीची आहे. जलशुद्धीकरण केंद्र उभारून देणारा कंत्राटदार मुदत संपल्यावर निघून जातो. आज्ञावलीचा परवलीचा शब्द आणि मूळ प्रत त्याच्याकडेच राहिली, तर एखादा पंप वाढविण्यासाठीही नगरपालिकेला त्याच्याच दारात उभे राहावे लागते. या धंद्यातील लोकांना हा प्रकार अपरिचित नाही. यावर उपाय खर्चाचा नाही, निविदेतील चार ओळींचा आहे. आज्ञावलीची मूळ प्रत, सर्व परवलीचे शब्द आणि जोडणीचे अंतिम नकाशे सुपूर्द केल्याखेरीज अखेरचे देयक अदा होणार नाही. बाहेरील यंत्रणांशी संवाद प्रसिद्ध प्रमाणानुसारच असेल. आणि निविदांची तुलना पंधरा वर्षांच्या एकूण खर्चावर होईल. जिल्ह्याच्या कार्यालयात बसून निविदेचा मसुदा तयार करणारा लिपिक आणि कनिष्ठ अभियंता यांच्या लेखणीत हे सामर्थ्य आहे, ही गोष्ट त्यांनीही ओळखली पाहिजे.

भोसरी-अंबडच्या छोट्या पॅनेल-उत्पादकांसाठी शासनाने समाईक चाचणी-केंद्रे उपलब्ध करून द्यावीत. उष्णता, धूळ, पाणी आणि लघुमंडल यांच्या चाचण्यांचा खर्च एकट्याला झेपत नाही. तो वाटून घेता आला तर निर्यातीचा दरवाजाही उघडेल. तंत्रनिकेतने आणि प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात खुल्या प्रमाणांना स्थान मिळाले तर पाच-सात वर्षांत ही भाषा बोलणारी पिढी तयार होईल, आणि मग बंदिस्त प्रणाली विकणाऱ्यालाही ती भाषा शिकणे भाग पडेल.

माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने १९५६ मध्ये लोखंडी पेट्या जहाजावर चढविल्या, तेव्हा त्या पेटीत नावीन्य असे काहीच नव्हते. जगाचा व्यापार बदलला तो पुढे त्या पेटीची मापे आणि कोपऱ्यांतील कड्या कोणा एकाच्या मालकीच्या न राहता सर्वांच्या झाल्या म्हणून. नियंत्रण-कपाट आज त्याच उंबरठ्यावर उभे आहे. त्याचा पत्रा सर्वांचा झाला, पट्टी सर्वांची झाली. भाषा तेवढी व्हावयाची राहिली आहे. ती होईपर्यंत कपाट आपल्या आवारात उभे आहे, त्याची किंमत आपण मोजली आहे आणि त्याचे विजेचे बिलही आपणच भरतो, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. मालक तोच, ज्याला ते उघडता येते.